पायाच्या अंगठ्याचं हाड बाहेर आलंय? ऑपरेशन ठरवताना या चुका टाळा

डॉक्टरांनी ‘बनियन’ म्हटलं तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे दोरीवर वाळत घातलेले गंजीफ्रॉक आले. आमच्याकडे गोव्यात, डिचोलीत हे नाव कोणी घेत नाही, ‘अंगठ्याचं हाड वाढलंय’ एवढंच म्हणतात. आणि घोळ तिथूनच सुरू होतो, कारण हाड वाढलेलं नसतं. अंगठ्यामागचं लांब हाड दुसऱ्या पायाच्या दिशेने सरकतं, अंगठा उलट शेजारच्या बोटावर कलतो आणि मधला सांधा कोपरासारखा बाहेर येतो. तेव्हा ‘जरासं तासतील की झालं’ ही समजूत घरीच ठेवून जा. नुसता उंचवटा तासला तर वाकडेपणा तसाच राहतो आणि गाठ पुन्हा डोकं काढते. बहुतेक ऑपरेशनांत हाड कापून जागेवर सरकवतात आणि स्क्रूने बसवतात. मग मोडलेलं हाड जुळतं तसंच ते जुळून यावं लागतं.

मी डावा पाय करून घेतलाय, उजवा नाही. दिसायला दोन्ही सारखेच होते.

गाठ बघून तारीख ठरवणं

गाठ मोठी म्हणून ऑपरेशन, लहान म्हणून नको, असा हिशेब नसतो. मोठी गाठ घेऊन वर्षानुवर्षं शेतात चालणाऱ्या बायका मी पाहिल्यात, आणि लहानशा गाठीने रडकुंडीला आलेल्याही. विचारायचं ते हे, की पाय काय काय करू देत नाही? तीन महिने एका वहीत लिहा: कुठलं काम अर्धवट सोडलं, रात्री ठणका लागला का, गोळी किती वेळा घ्यावी लागली. माझ्या वहीत ‘फळ्यासमोर चौथा तास उभी राहू शकले नाही’ हे वाक्य इतक्यांदा आलं, की डॉक्टरांना पुढचं विचारावंच लागलं नाही.

पाय दुखत नसेल आणि फक्त फोटोत वाईट दिसत असेल, तर माझं मत स्पष्ट आहे: हात लावू देऊ नका. ऑपरेशननंतर सांधा थोडा आखडू शकतो, अंगठ्याची कड बधिर राहू शकते, जखम चिघळू शकते, कधी वाकडेपणा परतही येतो. न दुखणाऱ्या पायावर हा जुगार कशाला?

चप्पल न बदलता डॉक्टरांकडे जाणं

वर्तमानपत्रावर उभ्या राहा, बसून नको, आणि पेन्सिलीने पायाभोवती रेघ मारून घ्या. त्या आकृतीवर रोजची चप्पल ठेवा. माझ्या सँडलच्या दोन्ही बाजूंनी बोटभर पाय बाहेर डोकावत होता! अंगठ्याची कोल्हापुरी घालत असाल तर तो चामड्याचा वेढा नेमका दुखऱ्या जागी ओढ देतो. पुढे रुंद, मऊ पादत्राण वापरून अनेकांचा ठणका इतका कमी होतो, की ऑपरेशनचा विषयच निघत नाही. मात्र बोटांत घालायच्या सिलिकॉनच्या तुकड्यांनी हाड सरळ होईल म्हणून पैसे घालवू नका. घासणं कमी होतं, हाड हलत नाही.

दुसरं बोट वर चढेपर्यंत थांबणं

ही उलट बाजूची चूक, आणि ती मी स्वतः केली. अंगठा रेटत रेटत दुसऱ्या बोटाखाली शिरला. ते बोट हातोडीसारखं वाकलं, त्यावर कुरूप झालं आणि तळव्याला सतत खडा टोचल्यासारखं वाटू लागलं. अंगठ्याने आपला भार सोडला की तो शेजारच्या बोटामागच्या हाडावर पडतो. परिणामी माझं एका हाडाचं काम दोन बोटांचं झालं. दुसरं बोट जागेवरून हलायला लागलं, की चवथ (गणेशचतुर्थी) येऊदे, लग्न होऊदे म्हणत बसू नका. याउलट हाडांची वाढ पूर्ण न झालेल्या मुलांच्या बाबतीत सहसा थांबणंच बरं, कारण वाकडेपणा परत येण्याची शक्यता त्यांच्यात जास्त.

आडवं झोपून काढलेल्या एक्स-रेवर विश्वास

पहिल्या ठिकाणी मला टेबलावर झोपवून एक्स-रे काढला. त्यात पाय फारच गुणी दिसत होता. पायावर भार असताना हाडं पसरतात, म्हणून एक्स-रे उभं राहूनच काढायला सांगा. अंगठ्याचा कल साधारण १५ अंशांपर्यंत चालतो, ४०च्या पुढे गेला की तीव्र धरतात. कुठल्या पद्धतीचं ऑपरेशन हे बरंचसं या मोजमापावर ठरतं.

आणखी एक. सांधा रातोरात लाल, गरम झाला, चादरही सोसवेना, तर तो बनियन नसून गाऊट, म्हणजे युरिक अ‍ॅसिडमुळे होणारा सांध्याचा आजार, असू शकतो. तोही याच सांध्यात बसतो. आधी त्याची तपासणी.

कॅलेंडर न बघणं

शाळेला सुट्टी म्हणून मी मेच्या पहिल्या आठवड्यात ऑपरेशन करून घेतलं. वाटलं, जूनपर्यंत उभी राहीन. पहिले दोन आठवडे पाय उशीवर, छातीपेक्षा वर. टाके निघाले तरी साधारण सहा आठवडे कडक तळव्याच्या बुटात टाचेवर भार टाकत चालायचं होतं. तेवढ्यात पाऊस आला. आमच्या अंगणातल्या चिऱ्याच्या पायऱ्यांवर शेवाळ धरलेलं, आणि मी एका टाचेवर, हातात छत्री. दोनदा यजमानांचा खांदा धरला म्हणून वाचले. चवथीला फुगडीच्या वेळी मी खुर्चीवर, कारण संध्याकाळी पाय एवढा सुजायचा की कुठलीच चप्पल चढत नव्हती. सूज सहा महिने, कुणाकुणाला वर्षभर रेंगाळते.

गोव्यात राहत असाल तर पाऊस ओसरल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरात तारीख घ्या. दोन्ही पाय एकदम नको, न्हाणीघरापर्यंत कोण उचलणार? आणि ‘स्कूटरला ब्रेक हातातच असतो’ हा युक्तिवाद माझ्या मुलाने केला होता. थांबताना जमिनीवर कुठला पाय टेकतो, ते त्यालाच विचारलं.

साखर आणि मिश्री लपवणं

मधुमेह असेल तर साखर आटोक्यात आणूनच टेबलावर जा, आणि पायाची संवेदना नि रक्तपुरवठा आधी तपासून घ्या. विडी-सिगारेट ओढत नाही म्हणून आमच्या एका मावशींनी फॉर्मवर ‘तंबाखू नाही’ असं लिहिलं. सकाळ-संध्याकाळची मिश्री, म्हणजे दातांना लावायची तंबाखूची पूड, त्यांनी धरलीच नव्हती. निकोटीन तोंडातून गेलं तरी हाड जुळायला उशीर लावतं.

खर्चासाठी गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं (आरोग्यविम्याचं) कार्ड असेल, तर आपलं ऑपरेशन त्यात बसतं का हे तारीख घेण्यापूर्वी विचारा, नंतर नव्हे.

उजव्या पायाची वही चालू आहे. तीन महिन्यांत दोनच ओळी आल्या: म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात तासभर फिरल्यावर थोडं दुखलं, आणि भाचीच्या लग्नात टोकदार सँडल घातल्यावर खूप. सँडल जावेच्या मुलीला देऊन टाकलीय.