‘खंयच्या स्टँडाचो?’ : चोरीला गेलेली फ्लाइंग बॅग परत मिळवताना

गोव्यात पोलीस ठाण्यात जाऊन ‘मी पायलट, माझं लायसन्स चोरीला गेलं’ असं सांगितलंत, तर समोरून कोकणीत हमखास प्रश्न येतो, “खंयच्या स्टँडाचो?”, म्हणजे कुठल्या स्टँडचा? हवालदाराची काही चूक नव्हती. आपल्याकडे पायलट म्हणजे पिवळ्या मडगार्डच्या मोटरसायकलवर भाडं मारणारा माणूस. त्यात मी पावसात भिजलेला, पायात रबरी चपला. “विमानाचा” म्हटल्यावर त्याने मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं आणि खुर्ची पुढे सरकवली. तेव्हा नव्याने उडायला शिकणाऱ्यांनो, तक्रारीत नुसतं ‘पायलट लायसन्स’ लिहू नका. ‘नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने दिलेलं खासगी विमानचालक परवानापत्र’ असं लांबलचक लिहा, पुढे नंबर टाका.

झालं ते साधंच. चवथीसाठी, म्हणजे गणेशचतुर्थीसाठी, बेळगावहून चोर्ला घाट उतरून घरी आलो होतो. (चोर्ल्याच्या नावावर आम्ही नेहमी विनोद करतो; चोरी मात्र किनाऱ्यावर झाली.) बार्देश तालुक्यातल्या एका किनाऱ्याजवळ मित्राची गाडी लावली, अर्ध्या तासात परतलो तर मागची काच फुटलेली आणि सीटवरची बॅग गायब. बॅगेत डेव्हिड क्लार्क कंपनीचा हिरवा हेडसेट, नीबोर्ड (मांडीवर बांधायची लिहायची पाटी), ई-सिक्स-बी (वेग-इंधनाचा हिशेब करायची गोल पट्टी), प्लॉटर (नकाशावर मार्ग आखायची पट्टी), फ्युएल टेस्टर (इंधनात पाणी आहे का ते बघायची नळी). शिवाय एका प्लास्टिक फोल्डरमध्ये पीपीएल (तेच खासगी विमानचालक परवानापत्र), मेडिकल सर्टिफिकेट, रेडिओचा परवाना, विमानतळाचा प्रवेश-पास आणि लॉगबुक, म्हणजे उड्डाणाच्या तासांची वही. सगळं एकाच जागी ठेवणं हा माझा व्यवस्थितपणा! चोराला तेवढाच सोयीचा.

ठाण्यात आधी मला ‘हरवल्याचा दाखला’ देऊ केला. सही करून सुटावं असं वाटतं, पण तिथे थांबा. हरवलं आणि चोरलं यात फरक आहे. काच फोडून नेलं म्हणजे चोरी, आणि चोरीला एफआयआर लागतो. २०२४च्या १ जुलैपासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १७३व्या कलमाप्रमाणे गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, खबर घ्यावीच लागते आणि तक्रारदाराला एफआयआरची प्रत फुकट मिळते. मी आवाज चढवला नाही. कलमाचा आकडा शांतपणे सांगितला आणि बसून राहिलो. दीड तास लागला.

यादी करताना खरी गंमत आली. हेडसेटचा सिरियल नंबर काय? माहीत नव्हता. शेवटी तो जुन्या व्हॉट्सॲपमध्ये सापडला, कारण घेतल्या दिवशी बहिणीला मिरवायला खोक्याचा फोटो पाठवला होता. त्या एका फोटोमुळे पुढे माझं काम झालं. तुम्ही मिरवण्यासाठी का होईना, पण फोटो काढा.

त्याच रात्री प्रवेश-पास चोरीला गेल्याचं ट्रेनिंग स्कूलला कळवलं. तो चुकीच्या हातात पडला तर प्रश्न सुरक्षेचा होतो, म्हणून सगळ्यात आधी तोच. लायसन्सच्या दुय्यम प्रतीचा अर्ज महासंचालनालयाच्या ई-जीसीए पोर्टलवर, एफआयआर जोडून. २०२५च्या फेब्रुवारीपासून पायलटांना इलेक्ट्रॉनिक लायसन्स मोबाइलवर मिळू लागलं आहे. मी आळसाने ते घेतलं नव्हतं. लायसन्स सरकारच्या नोंदीत असतं, आज ना उद्या पुन्हा मिळतं. हेडसेट पैसे टाकले की मिळतो.

लॉगबुकचं तसं नाही. सीपीएलला, म्हणजे व्यावसायिक परवान्याला, २०० तास लागतात, त्यातले १०० पायलट-इन-कमांड (विमानाची जबाबदारी स्वतःवर घेऊन), आणि कमांडमधलं क्रॉस-कंट्री (एका ठिकाणाहून दूरच्या ठिकाणी) ५० तास. माझे एकशे बारा झाले होते. एकेका तासाला पाच आकडी रक्कम मोजलेली. ते पुन्हा उभे करायचे तर स्कूलची ऑथरायझेशन बुकं (उड्डाणाच्या परवानगीच्या वह्या), प्रत्येक विमानाचं टेक लॉग (विमानाची स्वतःची नोंदवही) आणि इन्स्ट्रक्टरच्या सह्या जुळवत बसायचं. एक इन्स्ट्रक्टर तोवर एअरलाइनमध्ये गेलेले. मी चाळीसेक तास जुळवले आणि हात टेकले.

नवव्या दिवशी फोन आला. किनाऱ्यापासून थोडं आत, एका माडाच्या बागेत नारळ पाडायला आलेल्या पाडेल्याला झावळ्यांखाली फोल्डर दिसला होता. चोराला कागदांचा काय उपयोग! आतल्या ओळखपत्राच्या झेरॉक्सवर घरचा नंबर होता. त्या भल्या माणसाने पैसे घेतले नाहीत, चवथीच्या उरलेल्या नेवऱ्या (करंज्या) मात्र आनंदाने घेतल्या. लॉगबुक भिजून फुगलं होतं. बॉलपेनने लिहिलेल्या नोंदी जशाच्या तशा. जेलपेनच्या नोंदी निळ्या ढगासारख्या पसरलेल्या, आणि स्कूलचा शिक्का कुठे संपतो नि सही कुठे सुरू होते ते कळेना. उन्हात वाळवू नका, पानं कडक होऊन चिकटतात. मी दोन-दोन पानांमध्ये वर्तमानपत्र घालून पंख्याखाली चार दिवस ठेवलं. बिघडलेल्या नोंदींवर स्वतः गिरवलं नाही; टेक लॉगशी ताडून स्कूलकडून प्रमाणित करून घेतल्या. गिरवलेली नोंद खरी असली तरी बनावट दिसते.

मधल्या काळात एकाने फोन करून “हेडसेट आहे, आधी जीपे करा” म्हटलं. नंबर पोलिसांना दिला, तो परत लागला नाही.

हेडसेट मिळाला त्याच्या पिनांमुळे. छोट्या विमानाच्या हेडसेटला दोन पिना असतात, ऐकण्याची जाड, माइकची किंचित बारीक, आणि मोबाइलला दोन्ही चालत नाहीत. हे ओळखून म्हापशातल्या दुरुस्तीच्या दुकानांत फोटो आणि सिरियल नंबर असलेला कागद वाटला होता. तिसऱ्या आठवड्यात एक पोरगा ‘याला कन्व्हर्टर आहे का’ विचारत आला आणि दुकानदाराने चहा मागवून त्याला अडकवून ठेवला.

तरी वस्तू लगेच हातात येत नाही. पंचनामा होतो, ती मुद्देमाल बनते आणि कोर्टात अर्ज करून सुपूर्तनाम्यावर, म्हणजे हमीपत्रावर, सोडवावी लागते. सुंदरभाई अंबालाल देसाई विरुद्ध गुजरात राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००२ सालीच सांगितलंय की मुद्देमाल पंधरा दिवस ते महिन्याहून जास्त ठाण्यात पडून राहू नये. वकिलाने अर्जात तेवढं लिहिलं, सोबत खरेदीची पावती आणि तो खोक्याचा फोटो. मिळाला.

सुपूर्तनाम्यात लिहून दिलंय की कोर्टाने मागितला की हजर करीन, तोवर विकणार नाही. खटला चालू आहे. बॅचमधली पोरं नॉइज-कॅन्सलिंगवाले घेऊन फिरतात, आणि मी अजून त्याच हिरव्या हेडसेटने टॉवरशी बोलतो. मुद्देमाल क्रमांकाची चिठ्ठी डाव्या कानाच्या कपवर अजून चिकटलेली आहे, अर्धी घामाने सुटलेली.