सुदानच्या मुलांसाठी काही करायचंय? आधी या चुका टाळा

पहिली चूक आम्हीच केलीय म्हणून तिथूनच सुरुवात करते. एप्रिल 2023 मध्ये सुदानमध्ये सैन्य आणि आरएसएफ (रॅपिड सपोर्ट फोर्सेस ही निमलष्करी फौज) यांच्यात युद्ध पेटलं, भारत सरकारच्या ऑपरेशन कावेरीत आपली माणसं परत आली आणि टीव्हीवरून विषयच गायब झाला. पुढे पुण्यात शिकून गेलेल्या एका सुदानी मैत्रिणीचे मेसेज यायला लागले तेव्हा आम्ही काय केलं, तर सोसायटीत खोका ठेवला! दोन दिवसात अकरा गोण्या कपडे, त्यात कोणाची तरी लग्नातली शेरवानी, एकाच पायाचा बूट आणि अर्धी संपलेली खोकल्याची बाटली. कुरिअरवाल्याने रेट सांगितला तेवढ्यात नवे कपडे आले असते. गोण्या चार महिने पार्किंगमध्ये पडून.

हसू नका, मोठमोठ्यांनी हेच केलंय. बोस्नियाच्या युद्धात 1992 ते 1996 दरम्यान बाहेरून आलेल्या औषधांपैकी सुमारे 17,000 टन निरुपयोगी निघाली, मुदत संपलेली वगैरे, आणि ती नष्ट करायचा खर्च वेगळा.

दुधाची पावडर तर अजिबात गोळा करू नका. ऐकायला वाईट वाटतं, पण जिथे कॉलरा पसरतो, स्वच्छ पाणी नाही, बाटली उकळायला जळण नाही, तिथे ती पावडर म्हणजे बाळाला जुलाब. कुपोषित मुलांना तिथे शेंगदाण्याची पेस्ट देतात, 92 ग्रॅमचं पाकीट, साधारण 500 कॅलरी, पाणी कालवायची भानगडच नाही, पाकीट फोडायचं आणि चोखायचं.

मग द्यायचं काय? पैसे. कोणाला, तर जे आधीच तिथे उभे आहेत त्यांना. सुदानमध्ये गल्लोगल्ली पोरापोरींनी ‘इमर्जन्सी रिस्पॉन्स रूम्स’ उभ्या केल्यात, सामुदायिक स्वयंपाकघरं चालवतात, त्याला तिकडे तकाया म्हणतात. मुळात ‘नफीर’ नावाची त्यांची जुनी रीत आहे, सगळ्या गावाने एकाच्या कामाला धावायचं, आपलं इर्जिकच म्हणा ना. 2025 च्या सुरुवातीला अमेरिकेची मदत थांबली तेव्हा यातली शेकडो स्वयंपाकघरं बंद पडली, म्हणजे बघा पैसा किती थेट ताटापर्यंत जातो.

आता पैशाच्या चुका. ‘मी गोळा करतो, माझ्या नंबरवर जीपे करा’ हे नको, माणूस कितीही सज्जन असो, चौथ्या दिवशी ग्रुपवर हिशोबावरून भांडण ठरलेलं. थेट सुदानच्या बँकेत पाठवायचा नादही नको. या स्वयंपाकघरांना पैसे पोचवणाऱ्या, परदेशात रीतसर नोंदणी असलेल्या संस्थेला स्वतःच्या कार्डाने द्या किंवा बँकेतून एलआरएसखाली (परदेशी पैसे पाठवायची रिझर्व्ह बँकेची योजना) पाठवा. आणि परदेशी संस्थेला दिलेल्या देणगीवर 80जीची आयकर सवलत मिळत नाही हे सीएला विचारून रडण्यापेक्षा आत्ताच ऐका.

पैसे गेले पण तिकडून महिनाभर काहीच निरोप नाही? लगेच फ्रॉड फ्रॉड करू नका. तिथे व्यवहार बराचसा ‘बंकक’ या मोबाईल ॲपवर चालतो, नेट गेलं की पैसेही अडकतात आणि फोटोही. संस्थेला मेल करा, थांबा. पण एखादा अनोळखी माणूस दर दोन तासांनी नवीन रडणाऱ्या बाळाचा फोटो टाकून घाई करत असेल तर तो फोटो आधी गुगल लेन्सवर टाका, बऱ्याचदा सीरियातला दहा वर्षांपूर्वीचा निघतो.

‘एखादं अनाथ मूल दत्तक मिळेल का’ हा प्रश्न प्रत्येक ग्रुपवर येतोच. ऑक्टोबर 2007 मध्ये ‘लार्श द झोए’ नावाच्या फ्रेंच संस्थेने शेजारच्या चाडमधून 103 मुलं डार्फरची (सुदानचा पश्चिमेकडचा युद्धग्रस्त भाग) अनाथ म्हणून विमानात बसवायला काढली होती. बहुतेक मुलं चाडचीच निघाली, घरी आई किंवा बाप जिवंत! सहा जणांना आठ वर्षं सक्तमजुरीची शिक्षा झाली, माफी नंतर मिळाली. युद्धात हरवलेल्या मुलाचे आईबाप शोधणं हे पहिलं काम, दत्तक फार लांबची गोष्ट.

शेवटचं, आणि हे लोकांना पटतच नाही. स्वयंपाकघराचा फोटो आला की पत्ता, नावं, चेहरे सकट फॉरवर्ड करू नका. दोन्ही बाजूंनी या कार्यकर्त्यांना उचललंय, मारलंय. आमच्या मैत्रिणीने पाठवलेल्या व्हिडिओत फक्त मोठं पातेलं, मसूर आणि ढवळणारे हात आहेत, चेहरा एकही नाही. आम्ही तोच फिरवतो.