कामाच्या धबडग्यात प्रभूची सोबत कशी ओळखावी

आमच्या चर्चच्या मंडळीतल्या मुली नर्सिंगला लागल्या की मला हमखास विचारतात, "मावशी, रविवारी ड्युटी, त्यामुळे उपासना बुडते. रात्रपाळीत प्रार्थनेला बसता येत नाही. मग देव सोबत आहे हे टिकवायचं कसं?" मी सरकारी दवाखान्याच्या वॉर्डात आयुष्य काढलं. त्यांना मी सांगते, टिकवायचं काम तुमचं नाहीच. सोबतीचं वचन त्याने दिलंय, तोच ते पाळतो. आपण फक्त दिवसभरात पुन्हा पुन्हा त्याच्याकडे वळायचं, आणि ते सवयीने जमतं.

आधी वचन नीट वाचून घ्या. कॅलेंडरवर छापलेली एक ओळ पुरत नाही. बायबलातल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या 28व्या अध्यायातली 16 ते 20 ही वचनं सलग वाचा. गालीलातल्या डोंगरावर शिष्य अकराच आहेत, येशूला धरून देणारा यहूदा गेलेला आहे. येशूला पाहून ते नमन करतात, तरी कित्येकांना संशय वाटतो. मत्तयाने हे झाकून ठेवलेलं नाही. त्याच माणसांवर प्रभू काम सोपवतो आणि म्हणतो, "मी सर्व दिवस तुमच्याबरोबर आहे." संशय फिटेपर्यंत तो थांबला नाही. म्हणून स्वतःचा विश्वास कमी पडतोय असं वाटलं तरी हे वचन आपल्यासाठी नाही, असं समजू नका.

आता हाताच्या कामाला आठवण जोडा. एकच काम निवडा, रोज अनेकदा करावं लागणारं. माझं होतं हात धुणं. एका पेशंटकडून दुसऱ्याकडे जाताना हात धुवावेच लागतात: तळवे, बोटांच्या बेचक्या, अंगठे, नखांची टोकं. फेस बेचक्यांत जाईतो मी मनात म्हणायची, "प्रभू, तू इथे आहेस. आता त्या कोपऱ्यातल्या आजींकडे चाललेय, तूही चल." एवढंच. नळ बंद, पुढची खाट. मोठी प्रार्थना रचायला जाऊ नका, दुपारपर्यंत दम संपतो. तुमचं काम डबे भरायचं असेल, एसटीचं तिकीट फाडायचं असेल, दुकानाचं शटर वर करायचं असेल, तर तेच धरा.

एक मात्र बजावून सांगते. इंजेक्शन भरताना, सलाईनचा वेग लावताना मनात वचनं घोळवू नका. तिथे पेशंटचं नाव, औषध आणि डोस यांवरच लक्ष हवं. प्रभूची सोबत आहे म्हणून आपण बेफिकीर व्हायचं नाही, उलट त्याच्यादेखत काम चोख करायचं.

सतराव्या शतकात पॅरिसच्या कार्मेल मठात ब्रदर लॉरेन्स नावाचा साधा सेवक होता. त्याला स्वयंपाकघरात घातलं होतं आणि ते काम त्याला मुळीच आवडत नव्हतं. तरी भांड्यांच्या खडखडाटातही त्याने देवाशी बोलणं सोडलं नाही. प्रार्थनेची वेळ आणि कामाची वेळ त्याच्यालेखी वेगळ्या राहिल्या नाहीत. न आवडणारं काम वाट्याला आलेल्यांनी त्याच्याकडून हे जरूर घ्यावं.

काही दिवस मात्र काहीच जाणवत नाही. वॉर्डात एखादं लेकरू जातं, आईचा हंबरडा कानातून जात नाही, आणि "तू इथे आहेस" हे शब्द तोंडातून निघत नाहीत. तेव्हा स्वतःवर जबरदस्ती करू नका. बायबलातलं स्तोत्र 88 उघडा. ते सुरुवातीपासून आक्रोश करतं आणि शेवटी अंधारातच संपतं, तरी सारं गाऱ्हाणं देवालाच घातलंय. स्वतः प्रभूने वधस्तंभावर 22व्या स्तोत्राचे शब्द उच्चारले, "माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?" तुम्हीही तसंच बोला, त्यात पाप नाही.

आणि थकलेल्या अंगाने विश्वासाचा हिशेब मांडत बसू नका. बायबलातल्या 1 राजे 19 मध्ये एलीया संदेष्टा झुडपाखाली पडून मरण मागतो, तेव्हा देवदूत त्याला बोल लावत नाही. भाजलेली भाकर आणि पाण्याचं भांडं पुढे ठेवतो. एलीया खातो, झोपतो, पुन्हा उठून खातो. देवाचं बोलणं त्यानंतर, होरेब डोंगरावर. म्हणून रात्रपाळीहून आल्यावर आधी जेवा, झोपा. पवित्र शास्त्र उठल्यावर वाचा.

शेवटचं सांगते ते मला सगळ्यांत मोलाचं वाटतं. मत्तय 25 मध्ये प्रभू म्हणतो की आजाऱ्याचा समाचार घेतला तो माझाच घेतला. म्हणजे तो आपल्या पाठीशी आहे तसा समोरच्या खाटेवरही आहे. मग "बारा नंबर" म्हणू नका, नावाने हाक मारा. नातेवाईक नसलेल्या म्हाताऱ्याला पाणी पाजताना ग्लास नुसता टेकवून पुढे पळू नका. मानेखाली हात घाला, थोडं उठवा, घोटाघोटाने पाजा, हनुवटीवर ओघळलेलं पुसा. आणि सुट्टीच्या दिवशी मंडळीतल्या एखाद्या अंथरुणाला खिळलेल्या माणसाकडे जा. सलाम करा, उपदेश करू नका. ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांचं एखादं पद त्यांना येत असेल तर सोबत म्हणा, चहा घ्या आणि त्यांना बोलू द्या.