पॉइंट भरले, हात विसरले: कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरांनी या चुका टाळा

महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेकडे दर 5 वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण करायचं, तर 30 क्रेडिट पॉइंट लागतात. अनेक जण शेवटच्या वर्षी जागे होतात आणि मिळेल त्या सीएमईत (डॉक्टरांसाठीच्या सततच्या शिक्षणाच्या कार्यक्रमात) जाऊन बसतात. (फी भरण्याआधी कार्यक्रमाला परिषदेची मान्यता आहे ना, एवढं पाहा.) पॉइंट जमतात, पण कॅज्युअल्टीतलं (तातडीच्या विभागातलं) काम हाताचं आहे आणि हात व्याख्यानाने तयार होत नाहीत.

सगळ्यात महागात पडते ती एसीएलएसच्या (हृदय बंद पडल्यावरच्या प्रगत उपचारांच्या प्रशिक्षणाच्या) कार्डावर विसंबण्याची चूक. कार्ड 2 वर्षं चालतं, पण सीपीआरचा (छाती दाबून रक्ताभिसरण चालू ठेवण्याचा) हात 3 ते 6 महिन्यांतच उतरू लागतो. कॉम्प्रेशनचा, म्हणजे छाती दाबण्याचा, वेग मिनिटाला 120 च्या वर जातो, मग खोली कमी पडते. दमलेला माणूस छातीवर रेलतो, छाती पूर्ण वर येत नाही आणि हृदय नीट भरत नाही. श्वासनलिकेत ट्यूब टाकल्यावर घाईत अँब्यू बॅग (हाताने श्वास देण्याची पिशवी) भराभर दाबली जाते. खरं तर 6 सेकंदांना एक श्वास पुरतो. यावर उपाय म्हणजे महिन्यातून एकदा, शिफ्ट बदलताना मॅनिकिनवर (सरावाच्या पुतळ्यावर) 10 मिनिटं. मोबाइलवर मेट्रोनोम (ठेका देणारं ॲप) 110 ला लावा, खोली 5 ते 6 सेंटिमीटर ठेवा, दर 2 मिनिटांनी माणूस बदला. नाडी बघताना एकाने मोठ्याने आकडे मोजावेत. 10 च्या आत हात पुन्हा छातीवर हवेत. सिस्टरना आणि वॉर्डबॉयला यात घ्याच, कारण खऱ्या वेळी दाबायला तेच असतात.

दुसरी चूक आवडीचाच विषय पुन्हा पुन्हा शिकण्याची. ईसीजी छान येतो म्हणून परत ईसीजीचीच कार्यशाळा! त्यापेक्षा कॅज्युअल्टीचं मागच्या 3 महिन्यांचं रजिस्टर उघडा आणि कुठे अडलात ते बघा. सर्पदंशाचे रुग्ण येत असतील, तर पाऊस सुरू होण्याआधीच सराव करा. 20 मिनिटांच्या रक्त गोठण्याच्या चाचणीत 2 मिली रक्त नव्या, कोरड्या, काचेच्या ट्यूबमध्ये घ्यायचं आणि ट्यूब हलवायची नाही. प्लॅस्टिकच्या किंवा साबणाने धुतलेल्या ट्यूबमध्ये चांगलं रक्तही गोठत नाही, आणि ते विषामुळेच समजून गरज नसताना सर्पविषरोधी लस दिली जाते. लशीची ॲलर्जी जीवघेणी ठरू शकते, म्हणून ॲड्रेनलीन 0.5 मिग्रॅ सिरिंजमध्ये भरून ठेवायचं. प्रौढांना ते मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत. मुलांना ॲड्रेनलीन वजनानुसार कमी लागतं, पण लशीची मात्रा मोठ्यांइतकीच.

भरती केलेल्या रुग्णाचं पुढे काय झालं, हे न विचारणं ही तिसरी. वहीत फक्त आयपीडी (भरतीचा) नंबर आणि आपलं निदान लिहा, नाव नको. आठवड्याने वॉर्डात विचारून शेवटचं निदान शेजारी लिहा. दोन्ही जुळली नाहीत की पुढचा अभ्यास त्याच ओळीपासून सुरू करा.