लेख घरी दिसतो, साइटवर नाही? ह्यूगो आणि गिट वापरताना या चुका टाळा

ह्यूगो हे साध्या फाइल्सपासून वेबसाइट बनवणारं सॉफ्टवेअर, आणि गिट हे फाइल्समधल्या बदलांची नोंद ठेवणारं. ह्यूगोवर चालणारा, गिटमध्ये ठेवलेला ब्लॉग मला मनापासून आवडतो. डेटाबेस नाही, लॉगिन नाही. प्रत्येक लेख म्हणजे एक साधी मार्कडाउन फाइल (साध्या खुणांनी मांडलेला मजकूर), आणि तिच्यात कधी काय बदललं याची पक्की नोंद. पण लेख पुश केला, म्हणजे सर्व्हरवर पाठवला, बिल्डला (पानं तयार करण्याच्या कामाला) हिरवी खूणही आली आणि साइटवर लेखाचा पत्ताच नाही, असं झालं की नवखा माणूस गांगरतो.

सगळ्यात आधी ड्राफ्ट तपासा. नव्या फाइलच्या माथ्यावर बहुधा ‘ड्राफ्ट: ट्रू’ असतं, म्हणजे लेख अजून कच्चा. घरी, म्हणजे आपल्याच कॉम्प्युटरवर, आपण ड्राफ्टसकट सर्व्हर चालवतो, म्हणून लेख दिसत राहतो. तिथे फॉल्स करा.

तारखेची चूक जास्त फसवी आहे. सकाळी आठला लेख लिहिला, वेळ ८:०० टाकली, पण पुढे भारतीय वेळेचं +०५:३० लिहिलं नाही, तर ह्यूगो ती वेळ यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) समजतो. म्हणजे आपल्याकडचे दुपारचे दीड! तोवर तो लेख ‘भविष्यातला’ ठरतो आणि एरर न देता गाळला जातो. बरं, दीड वाजल्यावर तो आपोआप उगवेल असंही नाही. पानं फक्त बिल्डच्या वेळी तयार होतात, त्यामुळे पुढचा बिल्ड होईपर्यंत लेख गायबच. कायमचा उपाय म्हणजे सेटिंग फाइलमध्ये टाइमझोन ‘एशिया/कोलकाता’ लिहून ठेवणे.

फोटो फुटलेला दिसत असेल तर नावातली अक्षरं बघा. विंडोजला कॅपिटल आणि स्मॉल अक्षरांतला फरक सहसा चालून जातो, मॅकलाही. लिनक्स सर्व्हरला चालत नाही. फाइलच्या नावाशेवटी मोठ्या अक्षरांतलं जेपीजी आणि लेखात लहान, एवढ्यावरही चित्र अडतं. नाव बदलताना ‘गिट एमव्ही’ ही कमांड वापरा. फक्त कॅपिटल-स्मॉलचा फरक फाइल मॅनेजरमधून केला तर विंडोज-मॅकवर गिटला तो बहुधा कळतच नाही.

थीम (साइटचं रूप ठरवणाऱ्या फाइल्स) सबमोड्यूल म्हणून, म्हणजे दुसऱ्या गिट-संग्रहाच्या जोडणीने घेतली असेल, तर नव्या लॅपटॉपवर क्लोन केल्यावर (पूर्ण प्रत उतरवल्यावर) तिचं फोल्डर रिकामं येतं. सबमोड्यूल अपडेट करताना ‘इनिट’ विसरू नका.

मराठीत लिहिणाऱ्यांसाठी खास दोन गोष्टी. फाइलचं नाव देवनागरीत असेल तर बदललेल्या फाइल्स दाखवणारं ‘गिट स्टेटस’ त्याच्या जागी आकड्यांची माळ दाखवतं. फाइल बिघडलेली नसते, ‘कोअर.कोटपाथ’ हा पर्याय फॉल्स केला की नाव नीट वाचता येतं. दुसरं, लेखाचा देवनागरी वेब-पत्ता कॉपी केला की % च्या खुणांनी बऱ्याचदा भलताच लांबतो. ‘मराठी’ या एका शब्दाचीच ४५ अक्षरं होतात. मी म्हणून प्रत्येक लेखाला रोमन लिपीतला छोटा स्लग, म्हणजे पत्त्यातलं नाव, देते. शीर्षक अर्थातच मराठीत.

आता जी चूक मला खरोखर गंभीर वाटते ती. पासवर्ड किंवा एपीआय की (एखादी सेवा वापरण्याची गुप्त किल्ली) चुकून कमिट झाली, म्हणजे गिटच्या नोंदीत गेली, आणि पुढच्या कमिटमध्ये ती ओळ पुसली. साइटवर ती दिसणार नाही, पण इतिहासात आहे तशीच राहते. रेपॉझिटरी, म्हणजे गिटमधला आपला सगळा संग्रह, सार्वजनिक असेल तर ती की कोणीही काढू शकतो. फोनमधल्या मूळ फोटोंचंही तेच: लोकेशन चालू असताना काढले असतील तर घराचा ठावठिकाणा त्यांच्यात असू शकतो. त्यामुळे फोटो कमिट करण्याआधीच ती माहिती काढून टाका. आणि की गेलीच असेल, तर इतिहास साफ करत बसण्याआधी ती रद्द करून नवी घ्या. इतिहासातून मजकूर काढणारं ‘गिट फिल्टर-रेपो’ त्यानंतर चालवा.