उकाडा आणि काळजी एकत्र आली की : दिनक्रम सांभाळताना या चुका टाळा

कडक उन्हाळा आणि मनाला घोर लावणारा काळ एकाच वेळी वाट्याला आला की सर्वांत आधी कोलमडतो तो दिनक्रम. तो सावरण्याच्या नादात होणाऱ्या चुका बहुधा चांगल्या हेतूनेच झालेल्या असतात, म्हणून त्या लवकर लक्षातही येत नाहीत.

पहिली चूक घड्याळ धरून बसण्याची. थंडीच्या दिवसांत दुपारी दोनला सहज होणारे काम चाळिशी गाठलेल्या तापमानातही दोनलाच व्हावे, असा हट्ट धरला की दोन-चार दिवसांतच दमछाक होते आणि मग सगळेच सुटते. दिनक्रम या शब्दातच क्रम आहे, आणि आधार वाटतो तो त्या क्रमाचा. उठणे, खिडक्या उघडणे, कुंड्यांना पाणी घालणे, मग कामाला बसणे ही साखळी तासभर अलीकडे ओढली तरी तुटत नाही. अंगमेहनतीचे किंवा व्यायामाचे मात्र पहिल्याच दिवशी पूर्वीइतके प्रमाण ठेवू नये, कारण शरीराला उष्णतेची सवय व्हायला साधारण 1 ते 2 आठवडे लागतात.

झोपेच्या बाबतीत चुकांची रांगच लागते. झोप लागण्यासाठी शरीराचे आतले तापमान थोडे उतरावे लागते आणि ती उष्णता मुख्यतः हातापायांच्या त्वचेतून बाहेर पडते. खोली तापलेली असली की हे काम रेंगाळते. त्यावर उपाय म्हणून अनेक जण झोपण्यापूर्वी बर्फासारख्या गार पाण्याने अंघोळ करतात, पण त्याने त्वचेतल्या रक्तवाहिन्या आकसतात, त्यामुळे कोमट पाणीच बरे. पंख्याचेही तसेच आहे : खोलीचे तापमान 40 अंशांच्या वर गेले की तो शरीरावर गरम हवाच फेकतो, म्हणून जागतिक आरोग्य संघटना अशा वेळी त्यावर विसंबू नये असे सांगते. रात्र अशी जागून गेली की सकाळी उशिरापर्यंत लोळण्याचा मोह होतो, आणि माझ्या मते सर्वांत महागात पडतो तो हाच. सकाळच्या उजेडावर शरीराचे घड्याळ लागते. तेव्हा उठण्याची वेळ शक्यतो कायम ठेवून दुपारी वीस-पंचवीस मिनिटांची डुलकी घ्यावी.

घरात एक लांबलेले आजारपण चालू असताना मी रोज रात्री दोनच्या सुमारास पाणी प्यायला उठत असे, आणि जाता जाता उशाजवळचा फोन उचलून बातम्या पाहत असे. पाणी दोन घोट व्हायचे, बातम्या तासभर. पुढे पाण्याचे भांडे उशाशी आले आणि फोन दुसऱ्या खोलीत गेला. काळजी काही कमी झाली नाही, पण झोप परत लागू लागली.

आणखी एक गफलत म्हणजे शरीराची तक्रार मनाच्या खात्यावर मांडणे. अंगातले पाणी कमी झाले तरी डोके दुखते, छातीत धडधडते, माणूस चिडचिडा होतो. अशा वेळी आधी सावलीत बसून पाणी प्यावे आणि भांडणाचा किंवा निर्णयाचा विषय अर्ध्या तासाने काढावा. पुष्कळदा तो तोवर निम्मा उरलेला असतो. उलट, खिन्नता दोन आठवडे हटतच नसेल तर तिला उन्हाळ्याचा परिणाम म्हणून सोडून न देता डॉक्टरांना भेटावे. लघवीचे प्रमाण वाढवणारी औषधे आणि मानसिक आजारांवरची काही औषधे उष्णता सोसण्याची ताकद कमी करतात. ती आपल्या मनाने बंद न करता डॉक्टरांना विचारून घ्यावे. उन्हात किंवा उकाड्यात राहिलेला माणूस असंबद्ध बोलू लागला, गोंधळला किंवा बेशुद्ध पडला, तर मात्र अर्धा तास थांबू नये : तो उष्माघात असू शकतो, म्हणून ताबडतोब रुग्णवाहिका बोलवावी आणि ती येईपर्यंत अंग पाण्याने भिजवून वारा घालत राहावे.

राहिली ती भरगच्च वेळापत्रकाची हौस. अडचणीच्या काळात नव्या वहीत पंधरा कलमे लिहून काढण्यापेक्षा तीन-चार जुन्या सवयी जपणे जास्त जमते. एखाद्या दिवशी उठणे आणि कुंड्यांना पाणी घालणे एवढेच झाले, तर बाकीचे खुशाल सोडून द्यावे. मात्र त्याची भरपाई म्हणून दुसऱ्या दिवशीच्या यादीत दुप्पट कामे लिहू नयेत.