स्टेपर मोटरचे पल्स कुठून काढायचे? घरच्या सीएनसीसाठी बोर्ड निवडण्याची रीत

अमळनेरच्या एका सुतारदादांसाठी मी लाकूड कोरायचा छोटा सीएनसी राउटर, म्हणजे कॉम्प्युटरच्या सूचनांवर चालणारं मशीन, बांधून दिला होता. पहिलंच मोठं काम देव्हाऱ्याच्या मागच्या फळीचं, कमळाच्या वेलीचं. चार तासांनी कोरीवकाम संपलं, दादांनी फळीला गुण्या लावला आणि म्हणाले, "भो, हाई वेल तिरपी कशी व्हयनी?" खालपासून वरपर्यंत वेल अडीच मिलिमीटर सरकली होती. मी कपलिंग आवळलं, रेल पुन्हा ओळंबल्या, स्क्रू बदलायचाही विचार केला. दोष त्यातल्या एकातही नव्हता. दोष पल्समध्ये, म्हणजे मोटरला पाऊल टाकायला लावणाऱ्या विजेच्या ठोक्यांमध्ये होता आणि तो सापडायला मला आठवडा लागला. तुमचा तो आठवडा वाचावा म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

मशीन हलवते ती स्टेपर मोटर, पाऊल-पाऊल फिरणारी. तिला चालवणाऱ्या ड्रायव्हरला दोनच गोष्टी कळतात. एका तारेवर पल्स आला की एक पाऊल टाकायचं, आणि दुसऱ्या तारेवरच्या व्होल्टेजवरून कुठल्या दिशेला टाकायचं ते ठरवायचं. हे पल्स ठरल्या वेळी आणि सारख्या अंतरानं सोडणं एवढंच बोर्डाचं काम. ऐकायला सोपं वाटतं, पण सेकंदाला हजारो पल्स सोडायचे असतात आणि मधला एक जरी हुकला तर मशीनला ते कळत नाही. साध्या स्टेपरला मागे वळून बघायला एन्कोडर, म्हणजे प्रत्यक्ष फिरणं मोजणारा भाग, नसतो.

आधी वही-पेन घ्या

बाजारात जाण्याआधी आपल्या मशीनला सेकंदाला किती पल्स लागतील ते काढा. नेहमीची १.८ अंशाची मोटर एका फेऱ्यात २०० पावलं टाकते. ड्रायव्हरवर ८ मायक्रोस्टेप ठेवले, म्हणजे एका पावलाचे आठ तुकडे केले, की १६०० होतात. अक्ष सरकवणारा १६०५ बॉलस्क्रू एका फेऱ्यात ५ मिलिमीटर सरकतो, म्हणजे मिलिमीटरला ३२० पल्स. मिनिटाला ३००० मिलिमीटर वेग हवा असेल तर सेकंदाला ५० मिलिमीटर, म्हणजे १६,००० पल्स.

आता मायक्रोस्टेप १६ करा. मिलिमीटरला ६४० आणि सेकंदाला ३२,००० पल्स. अर्डुइनो ऊनो या छोट्या बोर्डावर चालणारं जीआरबीएल हे सॉफ्टवेअर जास्तीत जास्त ३०,००० च्या आसपास जातं. ड्रायव्हरवरच्या एका छोट्या डिप स्विचनं तुम्ही त्या बोर्डाच्या आवाक्याबाहेर गेलात! बेल्टच्या मशीनचं गणित उलट असतं. २० दात्यांची जीटी२ पुली एका फेऱ्यात ४० मिलिमीटर नेते, म्हणजे ८ मायक्रोस्टेपवर मिलिमीटरला फक्त ४० पल्स. मिनिटाला ६००० मिलिमीटर वेगालाही सेकंदाला ४,००० पुरतात. अशा मशीनवर महागडा बोर्ड लावण्यात काही अर्थ नाही. मायक्रोस्टेप वाढवले की अचूकता तेवढ्याच पटीनं वाढते हाही गैरसमज आहे. चाल गुळगुळीत होते, पण पल्सची मागणी दुप्पट-चौपट होते.

मग पर्याय पाहा

पहिल्या मशीनसाठी मी आजही ऊनो आणि जीआरबीएलच सुचवतो. तीन अक्ष, स्वस्त बोर्ड आणि मुबलक माहिती. पल्सच्या पिना २, ३, ४ आणि दिशेच्या ५, ६, ७. कॉम्प्युटरकडून हालचालींच्या सूचनांच्या ओळी येतात आणि वेळेचा हिशेब बोर्ड स्वतः ठेवतो. यूएसबीतून माहिती गठ्ठ्यांनी येते, त्यामुळे थेट यूएसबीवरून पल्स सोडता येत नाहीत. म्हणून हे काम बोर्डावरच व्हायला हवं. एक मर्यादा लक्षात ठेवा. ऊनोवर जीआरबीएल एका वेळी १६ हालचालींचाच पुढचा विचार करू शकतं. बारीक नक्षीत ओळी हजारो आणि प्रत्येक ओळ अर्ध्या मिलिमीटरची असेल, तर मशीन अडखळत चालतं.

तसं होत असेल तर पुढची पायरी ईएसपी३२ बोर्डावर फ्लुइडएनसी, किंवा टीन्सी ४.१ बोर्डावर जीआरबीएलएचएएल, ही जीआरबीएलसारखीच सॉफ्टवेअरं. टीन्सीचा प्रोसेसर ६०० मेगाहर्ट्झचा आहे, ऊनोचा १६. रास्पबेरी पाय पिकोवरही जीआरबीएलएचएएल चालतं. पिकोत पिना हलवण्यासाठी ८ स्वतंत्र छोटी यंत्रं असतात. ती मुख्य प्रोसेसरची वाट न पाहता पल्स काढतात, आणि मला ही रचना फार आवडते.

पण या तिन्ही बोर्डांच्या पिना ३.३ व्होल्टच्या आहेत आणि डीएम५४२ सारख्या ड्रायव्हरचं इनपुट ५ व्होल्ट धरून बनवलेलं असतं. थेट जोडलं तर बऱ्याचदा चालतं, आणि धोका तिथेच आहे. आतल्या ऑप्टोकपलरला, म्हणजे सिग्नल उजेडातून पुढे देणाऱ्या भागाला, करंट कमी पडतो आणि एखादं पाऊल गळतं. मध्ये ५ व्होल्टवर चालणारी ७४एचसीटी२४५ ही आयसी घाला. कमी खर्चात डोकेदुखी जाते.

जुना पीसी पडून असेल आणि त्याला २५ पिनांचा पॅरलल पोर्ट असेल तर लिनक्ससीएनसी हे पीसीवर चालणारं सॉफ्टवेअर हा पर्याय आहे. इथे प्रोसेसर स्वतः पल्स सोडतो. समजा तो दर ३० मायक्रोसेकंदांनी एकदा पोर्टकडे बघतो. तुम्हाला सेकंदाला १४,००० पल्स हवे असतील तर दोन पल्समधलं अंतर साधारण ७१ मायक्रोसेकंद हवं. मिळेल मात्र कधी ६०, कधी ९०. सरासरी बरोबर येते, पण जास्त वेगात मोटर घरघरते आणि जोर कमी पडतो. शिवाय पीसी मध्येच दुसऱ्या कामात अडकला तर हे अंतर आणखी बिघडतं. त्यामुळे बाकी सामान विकत घेण्याआधी त्या पीसीवर लेटन्सी टेस्ट, म्हणजे पीसीला किती उशीर होतो ते मोजणारी चाचणी, अर्धा तास चालवा, सोबत व्हिडिओ लावा, फायली कॉपी करा. आकडा २० मायक्रोसेकंदांच्या आत राहिला तर उत्तम. १०० च्या वर गेला तर तो पीसी या कामाचा नाही. लॅपटॉप आणि यूएसबी-ते-पॅरलल केबल यांच्या वाटेला जाऊच नका.

लिनक्ससीएनसी हवं पण ही कटकट नको असेल तर मेसा कंपनीचं ७आय९६एस सारखं इथरनेट कार्ड घ्या. पीसी मिलिसेकंदातून एकदा सांगतो, पल्स कार्डावरची एफपीजीए चिप काढते, पाच अक्षांपर्यंत. खर्च मोठा आहे. रोज आठ तास चालणाऱ्या मशीनसाठीच मी तो करायला सांगेन.

दरवाजे कोरणाऱ्या दुकानांत दिसतो तो डीएसपी हँडल, हातात धरायचा कंट्रोलर. पेनड्राइव्हवरून फाइल घेतो, कॉम्प्युटर लागत नाही, आणि वीज गेली तर सोडलेल्या जागेपासून पुढे काम सुरू करता येतं. आपल्याकडची वीज पाहता ही सोय मोठी आहे.

जोडणी

ऊनो आणि डीएम५४२ असेल तर ड्रायव्हरचे पल्स-मायनस आणि दिशा-मायनस दोन्ही ऊनोच्या ग्राउंडला जोडा, प्लस बाजू पिनांना. एनेबलच्या तारा मोकळ्या ठेवल्या तरी ड्रायव्हर चालू राहतो. मोटरच्या आणि स्पिंडलच्या (कोरणारं हत्यार फिरवणाऱ्या मोटरच्या) केबलपासून सिग्नलच्या तारा दूर न्या. सिग्नल केबलची जाळी एकाच टोकाला अर्थ करा. आणि अर्थिंग खरंच आहे का ते पाहा. एप्रिल-मे मध्ये खानदेशात जमीन वाळून भेगाळते तेव्हा अर्थिंगच्या खड्ड्याची ओल जाते आणि अर्थिंग नावापुरतं उरतं. खड्ड्यात नियमित पाणी घाला. व्हीएफडीवरचा (वेग बदलणाऱ्या ड्राइव्हवरचा) स्पिंडल सुरू करताच यूएसबी तुटत असेल तर पहिला संशय यावर घ्या.

ए४९८८ सारखे छोटे ड्रायव्हर ऊनोवर बसणाऱ्या शील्डवर लावणाऱ्यांनी पंखा लावायलाच हवा. फार तापले की ते स्वतःला क्षणभर बंद करतात, मोटर तेवढी पावलं विसरते आणि बोर्डाला त्याचा पत्ता नसतो. भुसावळात पारा ४५ ला टेकतो तेव्हा पत्र्याच्या शेडमधल्या बंद पेटीत काय होत असेल ते सांगायला नको.

पाऊल कुठे गळतं ते शोधा

दादांच्या वेलीचं उत्तर इथे आहे. ड्रायव्हरला दिशा आधी कळायला हवी, पल्स नंतर. डीएम५४२ ला त्यासाठी ५ मायक्रोसेकंद लागतात. जीआरबीएल मात्र दिशा आणि पल्स जवळजवळ एकाच क्षणी पाठवतं. त्या मशीनवरच्या ड्रायव्हरचा ऑप्टोकपलर चालू लगेच व्हायचा, बंद व्हायला उशीर लावायचा. त्यामुळे एका बाजूला वळताना पहिलं पाऊल जुन्याच दिशेला पडायचं. एक पाऊल उलटं म्हणजे हिशेबात दोन पावलांची चूक. ३२० पल्सच्या मशीनवर ती ०.००६२५ मिलिमीटर, डोळ्याला न दिसणारी. पण नक्षीत ४०० फेऱ्या झाल्या की बरोबर अडीच मिलिमीटर!

उपाय असा की, जीआरबीएलच्या कॉन्फिग फाइलमध्ये पल्स उशिरा सोडण्याची बंद ठेवलेली ओळ असते. ती सुरू करून १० मायक्रोसेकंद ठेवा आणि बोर्डात पुन्हा भरा. लिनक्ससीएनसीत दिशेची ही वेळ सेटिंगमध्येच लिहिता येते.

आपल्या मशीनची परीक्षा घ्यायला डायल गेज लावा, काटा शून्यावर आणा आणि १ मिलिमीटर पुढे, १ मिलिमीटर मागे अशा ४०० फेऱ्यांची फाइल चालवा. मग निम्म्या वेगानं तीच फाइल पुन्हा चालवा. चूक दोन्ही वेळा सारखी आणि एकाच बाजूला आली तर दिशेच्या वेळेचा घोळ आहे. वेग कमी करताच चूक गेली तर मोटरचा जोर अपुरा आहे, प्रवेग कमी करा. कधी इकडे, कधी तिकडे असेल तर विजेचा गोंधळ किंवा ढिलं कपलिंग. स्क्रूचा खेळ मात्र फेऱ्यांबरोबर वाढत नाही, त्याला यात दोष देऊ नका.

सकाळच्या गारव्यात पास झालेलं मशीन एकदा दुपारी दोन वाजता, शेडमध्ये, पेटी बंद करून आणि स्पिंडल चालू ठेवून याच परीक्षेला बसवा. काटा तेव्हाही शून्यावर आला की मग देव्हाऱ्याचं लाकूड चढवा.